कमानीचा उजवा पाय

हबीबभाईंच्या नसीमचा फोन आला तेव्हा मी गच्चीवरच्या टाकीत काठी घालून पाणी किती उरलंय ते पाहत होतो. "काका, अब्बा गेले. सकाळीच," एवढंच बोलली आणि थांबली. मी "हो" म्हणालो. काठीवर ओल कुठपर्यंत आलीय ते पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं, आणि मग खाली येऊन चपला घातल्या. लातूरहून नांदेडला पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. त्याच्या पंधरवडाभर आधीच मी हबीबभाईंना भेटून आलो होतो. त्यांना एक गोष्ट सांगायची होती. त्यासाठीच गेलो, दोन तास बसलो, आणि न सांगता परत आलो. निघताना त्यांनी विचारलंसुद्धा, "गौतम, तुझं काही सांगायचं राहिलंय का रे?" मी म्हणालो, "न्हाई बा. चहा तेवढा राहिलाय." ते हसले, हसता हसता खोकला आला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हा लेख त्या न सांगितलेल्या गोष्टीचा आहे, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर मी पुन्हा टाळीन. टाळण्यात माझा हात फार वर्षं बसलेला आहे.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आमच्या तालुक्याच्या कार्यालयात अजून जुन्याच लेटरहेडवर पत्रं जायची. "उस्मानाबाद" पेनने खोडून वर "लातूर" लिहायचं, हे माझं रोजचं पहिलं काम. मी तिथे हंगामी अनुरेखक होतो, म्हणजे इंजिनियरने काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईने गिरवणारा माणूस. दर सहा महिन्यांनी ऑर्डर वाढवून मिळायची, आणि प्रत्येक वेळी ती येईपर्यंत मला जेवण जात नसे. आमच्या घरात मी पहिला नोकरदार. हबीबभाई सांख्यिकी सहायक. देगलूरच्या मिस्त्रींच्या घरातले. बाप-आजा कमानी बांधणारे, आणि हे नांदेडला शिकून आकडे मांडायला लागलेले. घरात दख्खनी, गल्लीत तेलुगू, ऑफिसात मराठी. हिशेब मात्र कुठल्या भाषेत करायचे कोण जाणे, ओठ हलायचे आणि बेरीज तयार. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. माझ्या टेबलाजवळून जाताना ते नेहमी कागदावर एक नजर टाकत आणि म्हणत, "रेघ बरी आहे बे तुझी." साहेबांनी कधी म्हटलं नाही, त्यामुळे माझा त्या एका वाक्यावर आठवडा जायचा.

लागोपाठ दुष्काळाची वर्षं चालली होती आणि जळकोटच्या बाजूला आमची रोजगार हमीची कामं सुरू होती. त्यातलं एक माझ्याच गावात. गावाबाहेर जुन्या सराईचा जमिनीखालचा हौद आहे. वर दगडी छत, आत टोकदार कमानी. तो पिढ्यान्‌पिढ्या गाळाने बुजलेला. गाळ काढला तर कामही मिळेल आणि कदाचित पाणीही लागेल, म्हणून गावच्या बायका तिथे लावल्या होत्या. माझी थोरली बहीण अक्का त्यांत होती. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं होतं.

एका सकाळी हबीबभाई घाईत लातूरला बैठकीला निघाले आणि जाताना माझ्या बोर्डावर चिठ्ठी ठेवून गेले. हौदाच्या कामाचा एक ओजाइव्ह मोठ्या कागदावर काढून ठेव, आठवड्याच्या शेवटी लातूरला पाठवायचा आहे, आकडे मागाहून देतो. तो शब्द त्यांनी इंग्रजीत लिहिला होता आणि मी तो "ओगिव्ह" असा वाचला. असला शब्द बापजन्मात ऐकला नव्हता. विचारावं तर विचारणार कुणाला, आणि हंगामी माणसाने "मला येत नाही" म्हणावं तरी कसं? कपाटात बांधकामाच्या शब्दांचं एक जुनं, वाळवीने खाल्लेलं पुस्तक होतं. त्यात सापडला. ओगिव्ह म्हणजे टोकदार कमान. माझा जीव भांड्यात पडला. हौदात कमानीच तर होत्या! आकडे मागाहून कशाला, आपणच मापं घेऊन यावीत, हबीबभाई खूश होतील, साहेबांना सांगतील, ऑर्डर कायम होईल... अशी मनातल्या मनात बढती घेत मी दुपारची एस.टी. धरली.

आता खरी गोष्ट सांगतो. हौदाच्या मधल्या कमानीला दोन्ही पायांशी एकेक दगडी कंगोरा होता. तिथून कमान वर चढायची. डावीकडचा कंगोरा मोकळा झाला होता. उजवीकडे अजून गाळ होता आणि गाळातून एक दगड डोकावत होता. टेपचं टोक धरायला अक्काला बोलावलं. तिने विचारलं, "हितं धरू का?" मी वरूनच म्हणालो, "हाव, तिथंच." उंच्या घेतल्या, वहीत उतरवल्या, शेवटची गाडी पकडली. ऑफिसात येऊन कागदावर मांडायला लागलो तर डावी रेघ टोकाला पोचली आणि उजवी पोचेना. प्रत्यक्षातल्या मापाने चांगली वीतभर कमी. अशा वेळी अनुरेखकाने काय करायचं असतं ते पहिल्या दिवशी शिकवतात: परत जाऊन मोजायचं. मी ते केलं नाही. कमानीचं टोक थोडं उजवीकडे झुकवलं, खाली ओढलं, आणि दोन्ही रेघा हाताने जुळवल्या. सुंदर जुळल्या. खाली कोपऱ्यात माझ्या नावाची अक्षरं घातली.

दुसऱ्या दिवशी हबीबभाईंनी तो कागद उलगडला आणि आधी त्यांना हसूच आवरेना. "अरे, हे काय काढलंस बे? मी ग्राफ मागितला, तू दरवाजा दिलास!" मग त्यांनी समजावलं. मजुरांची रोजची हजेरी मागच्या बेरजेत मिळवत जायची, त्या बेरजांचे ठिपके जोडत जायचे. ती जी वर चढत जाणारी रेघ येते तिलाही ओजाइव्हच म्हणतात, कारण ती अर्ध्या कमानीसारखी दिसते. "ही रेघ कधी खाली येत नाही बघ. फार तर आडवी होते," ते म्हणाले. माझे कान तापले होते. त्यांनी कागद गुंडाळायला घेतला आणि गुंडाळता गुंडाळता थांबले. परत पसरला. बोटाने डावी बाजू चढली, उजवी उतरली. हसू गेलं. "हे तू मोजून काढलंस?" मी हो म्हणालो. "नक्की?" मी पुन्हा हो म्हणालो. तिथे माझ्या तोंडून दुसरा शब्द निघाला असता, तर पुढचं काही झालंच नसतं. ते म्हणाले, "ह्याचं नाक, हे वरचं टोक, सरकलंय गौतम. टोकदार कमानीत दोन बाजू एकमेकींना टेकून उभ्या असतात. एक सरकली की दुसरीला टेकायला काही उरत न्हाई... आज खाली किती माणसं हाईत?"

त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि आम्ही निघालो. साहेब दौऱ्यावर होते, परवानगी कुणाची घेतली नाही. गाडीत मी मनात सारखी तीच एक वीत मोजत होतो. दगडच तर नव्हता तो? कंगोराच असेल. आणि समजा खरंच कमान झुकली असेल, तर? खाली अक्का आहे. म्हणजे माझं माप खरं असेल तर बहीण धोक्यात, आणि खोटं असेल तर माझी नोकरी. मी कशाची इच्छा करत होतो ते आज लिहायला हात धजत नाही. पण लिहितो. दोन्ही इच्छा माझ्या मनात होत्या, आणि त्यांत अक्का वाचावी ही नेहमीच पहिली नव्हती.

हौदाच्या पायऱ्यांवर उभं राहून हबीबभाईंनी हाक दिली, "काम बंद! सगळ्याजणी वर या! धक्का कुठं लावू नका, हळू या!" मुकादम आडवा आला, त्याला त्यांनी हाताने बाजूला केलं. बायका कुरकुरत, पाट्या घेऊन एकेक करून वर आल्या. हबीबभाई ओठ हलवत मोजत होते. "एक कमी हाय," ते म्हणाले. अक्का नव्हती. पलीकडच्या कोपऱ्यात, मधली कमान ओलांडून, ती एकटीच खाली होती आणि ऐकायला तयार नव्हती. मी पायरीवर उभा होतो. खाली उतरलो नाही... आणि ज्या माणसाला कमान पडेल असं खरोखर वाटत होतं, तो माणूस चपला काढून त्या कमानीखाली गेला. किती वेळ लागला असेल? बिडी पेटवून दोन झुरके घेण्याइतका. परत आले तेव्हा अक्का पुढे होती, कोपरापर्यंत चिखल, आणि ती त्यांच्यावर ओरडत होती. "ओ सायेब, वल लागलीय हितं! आजच्याला पानी लागतंय आन् तुमी काम बंद करून राह्यलात? आमी काय करावं? तोंडं बगत बसावं का एकमेकीची?" बाकीच्याही तुटून पडल्या. हबीबभाईंचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. ते म्हणाले, "माय, बसा. इथंच बसा. घरी जाऊ नका, खाली उतरू नका. हजेरी मी घेतो."

चार दिवस त्या बायका हौदाच्या काठावर उन्हात बसून होत्या. आमच्या गावात मला कुणी पाणी विचारेना. अक्का माझ्याशी बोलेना, कारण त्या सायबाला मीच घेऊन आलो होतो. इकडे ऑफिसात ओजाइव्ह लातूरला जायचा होता, खरा, हजेरीचा. वरून तोंडी निरोप होता की जिथली रेघ आडवी होईल तिथे लोकांना कामाची गरज उरलेली नाही असं धरून काम बंद करावं. आणि आमच्या हौदाची रेघ चार दिवस सपाट होती. साहेब हबीबभाईंना म्हणाले, "नेहमीसारखे आकडे भरून टाका, कोण बघतंय?" ते म्हणाले, "बसलेल्यांची हजेरी वेगळी लिहितो. खोदलेलं लिहिणार न्हाई." त्यांनी रेघ आडवीच ठेवली आणि तिच्या शेजारी स्वच्छ अक्षरात लिहिलं की मजूर चारही दिवस हजर होते, काम माझ्या एकट्याच्या सांगण्यावरून थांबले आहे. त्या एका ओळीने गावाचं काम वाचलं. आणि त्याच ओळीने ते स्वतः अडकले.

पाचव्या दिवशी एक तरुण इंजिनियर लातूरहून आला, बॅटरी मारून कमान पाहिली, हाताने थोपटली आणि म्हणाला, काही झालेलं नाही. काम सुरू झालं. आठवड्यात उजवीकडचा गाळ निघाला आणि मी जाऊन पाहिलं. डोकावत होता तो कुठून तरी पडलेला सुटा दगड होता. खरा कंगोरा त्याच्याखाली होता, बरोबर वीतभर. कमान सरळ उभी होती. नाक अगदी मधोमध. मग हौदाबाहेर आलो आणि कुणाला काही बोललो नाही. हबीबभाईंना "कारणे दाखवा" आली, अधिकार नसताना काम का थांबवलं. खुलाशाला नकाशा जोडायला सांगितला. माझी अक्षरं होती त्यावर! तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. हबीबभाईंनी लिहून दिलं: नकाशा गहाळ झाला, निर्णय माझा. त्यांची बदली किनवटला झाली, आणि सहा महिन्यांनी मी कायम झालो. निरोपाला मी त्यांची ट्रंक स्टँडवर नेली. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "रेघ सांभाळ, ओगिव्हराव." मला वाटलं, आत्ता सांगावं. गाडी लागली होती, लोक चढत होते. गाडीचं कारण पुरेसं होतं.

त्यानंतर त्या शब्दाने माझा पिच्छा सोडला नाही. किनवटहून पोस्टकार्डं यायची. तिथे त्यांना संध्याकाळी करायला काही नसावं. जंगल, रेल्वेचं फाटक, आश्रमशाळेचं वसतिगृह, आणि त्या पोरांना हे फुकट गणित शिकवायचे. पण ओजाइव्ह सोडला नाही. एका कार्डावर लिहिलं, "इथल्या एका निवृत्त फौजी माणसाने सांगितले, तोफगोळ्याच्या टोकदार तोंडालाही ओजाइव्हच म्हणतात. आपल्याला बरा सापडला होता शब्द." पुढे नांदेडला आले, लायब्रऱ्या मिळाल्या, तशी कार्डं लांबली. शब्द फ्रेंच, त्याच्या मागचं कुणालाच पक्कं ठाऊक नाही. कुणी म्हणे लॅटिनमधल्या "वाढणे" या शब्दापासून, कुणी म्हणे जर्मन "डोळा". मी ती कार्डं उभ्या उभ्या वाचायचो आणि पेटीत टाकायचो. मला वाटायचं, हा माणूस मुद्दाम करतोय. ह्याला कळलंय. छे, कळलं असतं तर इतकं प्रेमानं लिहिलं असतं का? दर कार्डाला मी हेच दोन्हीकडून घोळवायचो. एकदा त्यांनी फार आनंदाने लिहिलं होतं. देगलूरच्या मौलवींनी सांगितलं की अरबीत "जुब" म्हणजे आड, हौद. तो शब्द स्पेनमध्ये गेला, तिथे हौदाचं नाव झाला, आणि काही जाणकारांच्या मते तिथूनच फ्रेंचांकडे जाऊन कमान झाला. खाली होतं: "दुसरे काहीही म्हणोत, मला हाच अर्थ पाहिजे. मी ओजाइव्ह मागितला, तू हौद काढून दिलास. म्हणजे तू चुकीचे काढलेच नव्हतेस!" त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोने विचारलं तर पित्त झालंय म्हणालो.

ते गेल्यावर चाळीसाव्याला मी पुन्हा नांदेडला गेलो. नसीमने आतून एक पत्र्याची नळी आणली, पूर्वी नकाशे ठेवायची असायची तशी. "तुमच्यासाठी ठेवलीय म्हणायचे. पण द्या असं कधी म्हणाले न्हाईत." वर माझं नाव होतं. मी ती तिथे उघडली नाही. लातूरला येऊन, टेबल पुसून, कागद पसरला. चार कोपऱ्यांना चार वस्तू ठेवाव्या लागल्या, इतका तो गुंडाळी धरून बसला होता. माझीच कमान. गहाळ झालेली. झुकलेलं नाक, कोपऱ्यात माझी अक्षरं. आणि उजव्या पायाखाली ऑफिसच्या तांबड्या पेन्सिलीने त्या वितेच्या मापाची रेघ वाढवलेली, तिथून नवी बाजू वर नेलेली, आणि टोक मधोमध आणून सोडलेलं. मिस्त्रीच्या पोराचा हात, कुठे थरथर नाही. बाजूला बारीक अक्षरात: "पाय गाळात होता. समक्ष मोजले." त्याखाली तारीख. खुलासा द्यायच्या आदल्या दिवशीची. तिच्याही खाली, फायलीवर शेरा मारावा तशी एक ओळ:

"गौतमला कळवू नये."

मी अक्काला फोन लावला. ती आता थकलीय, ऐकूही कमी येतं, पण हे तिला एका दमात ऐकू आलं. "हाव, आला व्हता की तो सायेब. टेप म्याच धरला. मला म्हणला, पैल्यांदा कुठं धरला व्हतास ते दाव. म्या दगूड दावला. लई येळ बसला पायरीवर. मग म्हणला, अक्का, तुज्या भावाची नोकरी कच्ची हाय, बोलू नको." मी म्हणालो, "आणि तू इतकी वर्षं..." ती म्हणाली, "तू तरी कुठं बोललास?" मग तीच म्हणाली, "हौदाला औंदाबी पानी हाय बघ."

म्हणजे नांदेडला त्या दिवशी त्यांनी विचारलं ते साधं विचारणं नव्हतं. त्यांनी मला दार उघडून दिलं होतं, आणि मी चहा मागितला. मला ह्याचा राग येतो, माझा, आणि थोडा त्यांचाही. एक शिवी घातली असती तर माझं आयुष्य हलकं गेलं असतं. कागद अजून टेबलावरच आहे. जेवायला बसायच्या आधी मी एकदा उजव्या पायाची ती तांबडी रेघ पाहतो. परवा मात्र पेन काढलं. ऑफिसात वरिष्ठांचा शेरा वाचला की त्याखाली हाताखालच्या माणसाने एकच शब्द लिहायचा असतो. त्यांच्या ओळीखाली मी तो लिहिला, "पाहिले", आणि नावाचं पहिलं अक्षर घातलं. तारीख घालायला पेन खाली नेलं, वर त्यांची तारीख दिसली, आणि तसंच उचलून टोपण लावलं.